घरातल्या कुठल्या वस्तूत साधे सेल, कुठल्या वस्तूत रिचार्जेबल? एकदा बसून नीट ठरवूया

आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे, तो ओढला की सेल गडगडत पुढे येतात. काही नवे, काही पार उतरलेले, काही अर्धेमुर्धे, आणि कुठला कसला ते घरात कुणालाच सांगता येत नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री लाइट गेली, सासऱ्यांना चक्कर आल्यासारखं वाटत होतं म्हणून बीपी बघायला घेतलं तर मशीनवर सेलचं चिन्ह लुकलुकायला लागलं, त्या ड्रॉवरमधले आठदहा सेल आलटून पालटून घातले तरी पट्टा अर्धा फुगायचा आणि मशीन बंद. शेवटी शेजारच्या काकूंकडून चार नवे सेल आणले तेव्हा रीडिंग मिळालं. बीपी ठीक होतं, पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेले नाही आणि त्यानंतर हा विषय खरंच मनावर घेतला.

आता मला कुणी विचारलं ना, की साधे सेल घेऊ की रिचार्जेबल, तर मी आधी एकच विचारते, त्या वस्तूतले सेल वर्षातून किती वेळा बदलता? बाकी सगळं या आकड्यावरून ठरतं. कसं ते एकेक करून सांगते.

पायरी १: वही घ्या आणि घरभर फिरा

अर्धा तास लागतो, पण हे टाळू नका. सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहा, त्यात किती सेल, कुठल्या साइजचे आणि शेवटचे कधी बदलले ते आठवेल तसं. आमच्याकडे भिंतीवरची घड्याळं, टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा, एसीचा आणि फॅनचा असे चार रिमोट, गॅस गिझर, बीपी मशीन, माउस, लेकीच्या दोन खेळण्या, टॉर्च, किचनचा वजनकाटा असं सगळं धरून बटन सेल सोडून तीस सेल निघाले. मी आधी कुणी विचारलं असतं तर दहाबारा म्हणाले असते.

साइजची नावं एकदा पक्की करून घ्या म्हणजे दुकानात घोळ होत नाही. आपण पेन्सिल सेल म्हणतो तो एए, त्याहून बारीक, रिमोटमध्ये असतो तो एएए, गिझरमध्ये आणि जुन्या टॉर्चमध्ये जाडजूड असतो तो डी. मल्टिमीटरमध्ये (व्होल्टेज मोजायचं यंत्र) किंवा माइकमध्ये असतो तो चौकोनी, नऊ व्होल्टचा. आणि चपटे गोल ते बटन सेल, त्यांच्याबद्दल शेवटी वेगळं सांगणार आहे.

पायरी २: सेलचं वेष्टण वाचायला शिका

बाहेरून सगळे सारखे दिसतात पण आत तीन वेगळ्या जाती आहेत. सगळ्यात स्वस्त तो झिंक कार्बनचा साधा सेल, किराणा दुकानात बरणीशेजारी लटकलेला असतो तो बहुतेक हाच. पेन्सिल साइजवर आर६ लिहिलेलं दिसेल, बारीकवर आर०३. दुसरा अल्कलाइन, त्याच्यावर एलआर६ किंवा एलआर०३ असतं, किंमत साधारण दुप्पट तिप्पट. तिसरा रिचार्जेबल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, त्यावर एचआर६ किंवा एचआर०३ आणि १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. नुसत्या पहिल्या अक्षरावरून जात कळते, एवढं लक्षात ठेवलंत तरी दुकानदाराने काय हातात दिलंय ते लगेच समजेल.

या १.२ व्होल्टवरून बरेच जण बिचकतात की साधा १.५ आणि हा १.२, म्हणजे कमी ताकदीचा. तसं नसतं. साधा किंवा अल्कलाइन सेल नवा असताना दीडच्या थोडा वर असतो आणि वापरायला लागलं की उतरत उतरत एकच्याही खाली जातो. रिचार्जेबल मात्र सव्वाच्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम पडतो. म्हणजे अल्कलाइनचं अर्धं आयुष्य झालं की तोही तिथेच आलेला असतो. बहुतेक वस्तू हे धरूनच बनवलेल्या असतात. काही नसतात, त्या कुठल्या ते पुढे येतंच आहे.

पायरी ३: वस्तू खादाड आहे की अल्पाहारी, ते ओळखा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, म्हणून जरा सावकाश.

भिंतीवरचं घड्याळ एका मिलिअँपच्याही (अँप हे करंटचं माप, मिलिअँप म्हणजे त्याचा हजारावा भाग) लहानशा भागावर चालतं. रिमोट बटण दाबलं तेवढ्यापुरताच खातो आणि एरवी झोपलेला असतो. याउलट खेळण्यातली गाडी, बीपी मशीनचा पंप, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांना एकदम भरपूर करंट लागतो, मोटर असली की अर्धा अँप सहज.

साध्या झिंक कार्बन सेलला हा मारा झेपत नाही. त्याच्या आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त असतो, जोरात करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि वस्तू बंद पडते, आत अजून जीव असतो तरी. थोडा वेळ विश्रांती मिळाली की तो परत जरा उठतो. आपण लहानपणी रेडिओचे सेल काढून उन्हात वाळत घालायचो, दाताने चावायचो आणि ते खरंच अजून अर्धा तास चालायचे, त्यामागे हेच होतं. आता मात्र हे करू नका आणि मुलांनाही करू देऊ नका, आजच्या अल्कलाइन सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं आणि ते तोंड भाजवतं.

अल्कलाइन हळूहळू खाणाऱ्या वस्तूत फार छान चालतो, पेन्सिल साइजला दोन हजार मिलिअँप अवरच्या (सेलमध्ये किती साठा मावतो त्याचं माप) वर देतो, पण मोटरला जोडला की तोही थकतो आणि कित्येकदा त्यातलं निम्मंच हाताला लागतं. रिचार्जेबल इथे खरा मर्द गडी. त्याच्या आतला रोध अगदी कमी, त्यामुळे दोन हजार लिहिलंय तर खादाड वस्तूलासुद्धा जवळपास तेवढं देतो.

आता वहीतल्या एकेका वस्तूकडे या.

घड्याळ: साधा झिंक कार्बन सेल, डोळे झाकून. वर्षभर किंवा जास्त जातो, दहापंधरा रुपयांत काम होतं. रिचार्जेबल घालून काही मिळत नाही, घड्याळ खातं त्यापेक्षा जास्त तो स्वतःहूनच उतरतो. दर दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ खाली उतरतंच, तेव्हा चालू असला तरी सेल बदलून टाका.

रिमोट: इथे मी अल्कलाइन घालते. साध्यानेही चालतं, पण रिमोटकडे आपण दोनदोन वर्षं बघत नाही आणि साधा सेल तेवढ्यात पाणी सोडायची शक्यता जास्त, कारण त्याचं जस्ताचं डबडंच रासायनिक क्रियेत झिजत जातं. एसीचा रिमोट पावसाळ्यात आणि थंडीत पडून असतो, त्यातले सेल काढूनच ठेवा.

खेळण्या: रिचार्जेबल, आणि इथेच पैसे वाचतात. माझ्या लेकीची गाडी चार सेल घेते आणि सुट्टीत आठवड्याला उतरवते.

माउस आणि वायरलेस कीबोर्ड: दोन्ही चालतात. घरात चार्जर असेलच तर रिचार्जेबल, नाहीतर एक अल्कलाइन कित्येक महिने जातो.

बीपी मशीन: आधी त्याची पुस्तिका काढून वाचा. बऱ्याच मशीनमध्ये अल्कलाइन घाला असंच लिहिलेलं असतं, तसं असेल तर तेच करा, उगाच डोकं चालवू नका. रोज दोनदा बीपी बघायचं असेल तर मशीनला ॲडॅप्टरची पिन आहे का ते बघा, असेल तर त्याच कंपनीचा ॲडॅप्टर घ्या आणि आत अल्कलाइन सेल लाइट गेल्यावरसाठी राहू द्या. आम्ही आता असंच करतो, वर चार नवे सेल सीलबंद पाकिटात मशीनच्याच पिशवीत ठेवलेत. त्या पाकिटाला कुणीही हात लावायचा नाही, रिमोटसाठी तर नाहीच.

गॅस गिझर: महाराष्ट्रात घरोघरी आहे म्हणून मुद्दाम लिहिते. दोन डी सेल मिळून तीन व्होल्ट होतात आणि त्यावर ठिणगी पडते, शिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. रिचार्जेबल दोन घातले तर २.४ व्होल्टच भरतात आणि पुष्कळ गिझर टकटक करत बसतात पण पेटत नाहीत. इथे चांगले डी सेलच घ्या. गिझर दुसऱ्या तिसऱ्यांदा नळ सोडल्यावर पेटायला लागला की आधी सेल बदलून बघा, मग माणूस बोलवा. आणि गिझर बाथरूममध्ये असतो, वाफेने सेल जिथे टेकतात त्या पत्रीला गंज चढतो, ती सेल बदलताना बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

टॉर्च: रोजचा असेल तर रिचार्जेबल. वादळवाऱ्यासाठी कपाटात ठेवलेला असेल तर अल्कलाइन, पण सेल टॉर्चच्या आत न घालता शेजारी पाकिटात ठेवा. चांगला अल्कलाइन न वापरता दहा वर्षांपर्यंत टिकतो, एक्सपायरीचं साल वर छापलेलं असतं.

जाता जाता, डास मारायच्या रॅकेटमध्ये आणि इमर्जन्सी लाइटमध्ये बॅटरी आतच बसवलेली असते, तिचा या निवडीशी संबंध नाही, फक्त ती महिनोन्महिने उतरलेली ठेवू नका, वापर नसला तरी मधूनमधून चार्ज करा.

पायरी ४: आता हिशोब मांडा

भाव गावागणिक बदलतात म्हणून हे आकडे नमुन्याचे धरा, तुमच्याकडचे घालून परत करा. अल्कलाइन पेन्सिल सेल ३० रुपये, म्हणजे चार बदलायचे तर १२०. चांगला रिचार्जेबल २०० रुपये, चार झाले ८००, आणि बरा चार्जर हजार, असे एकूण १८००. भागाकार केला तर १५. म्हणजे अल्कलाइन पंधरा वेळा बदलायला जे पैसे लागले असते तेवढ्यात रिचार्जेबलचा सगळा सेट आला, सोळाव्या वेळेपासून सुटका.

खेळण्यात महिन्याला बदलत असाल तर सव्वा वर्षात पैसे वसूल. रिमोटमध्ये वर्षातून एकदा बदलत असाल तर पंधरा वर्षं लागतील, तोवर रिमोट काय टीव्हीसुद्धा राहणार नाही. म्हणून म्हटलं, वर्षातून किती वेळा बदलता तेच विचारा. माझा नियम असा, वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा बदलावं लागतं तिथे रिचार्जेबल, एकदोनदा असेल तर अल्कलाइन, आणि घड्याळाला साधा. चार्जर एकदाच घ्यायचा असतो, त्यामुळे खादाड वस्तू दोनतीन असतील तर हिशोब अजून लवकर जुळतो.

विजेचं काय, असं आईने लगेच विचारलं होतं. दोन हजारचा एक पेन्सिल सेल भरायला चार्जरमधली गळती धरून पाच वॅट अवरच्या आसपास लागते, म्हणजे एका युनिटमध्ये दोनशे सेल. युनिट दहा रुपये धरलं तरी एका सेलचे पाच पैसे. सोडून द्या.

पायरी ५: रिचार्जेबल घेताना फसू नका

रिचार्जेबलमध्येही दोन प्रकार. जुन्या धाटणीचे नुसते ठेवले तरी उतरतात, पहिल्याच महिन्यात पाचव्या हिश्श्याच्या आसपास आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले, ते चार्ज करून ठेवले तर वर्षाने काढले तरी बराचसा चार्ज शिल्लक असतो, आता ते पॅनासॉनिककडे आहेत आणि तसेच सेल इतर कंपन्याही बनवतात. पाकिटावर प्रीचार्ज्ड किंवा रेडी टू यूज लिहिलेलं असेल तर साधारण हाच प्रकार. घरासाठी हेच घ्या.

आकड्याच्या मागे लागू नका. पेन्सिल साइजला १९०० ते २१०० आणि बारीकला ७५० ते ८०० मिलिअँप अवर हे या न उतरणाऱ्या सेलचे प्रामाणिक आकडे आहेत. २५०० ते २८०० वाले खरे असतात, पण ते लवकर उतरतात आणि कमी वेळा चार्ज होतात. तीन हजारच्या पुढे लिहिलं असेल तर पाकीट परत हुकला लावून या. हातात घेऊन वजन बघितलं तरी कळतं, चांगला पेन्सिल सेल २६-२७ ग्रॅमचा असतो, बोगस हलका लागतो. डी साइजच्या रिचार्जेबलमध्ये तर कित्येकदा आत पेन्सिल सेलच ठेवून वर जाड कवच चढवलेलं असतं.

हल्ली यूएसबीने चार्ज होणारे लिथियमचे १.५ व्होल्टचे सेल पण मिळतात. त्यांच्या आत छोटं सर्किट असतं ते बरोबर दीड व्होल्ट देतं, म्हणून १.२ वर अडणाऱ्या वस्तूंना ते चालून जातात. पण दोन गोष्टी बघा. एक, त्यांच्यावर बहुतेकदा मिलिवॅट अवर (म्हणजे मिलिअँप अवर गुणिले व्होल्ट) लिहिलेलं असतं म्हणून आकडा मोठा दिसतो, त्याला दीडने भागा, म्हणजे ३००० चे २००० मिलिअँप अवर झाले. दुसरं, ते शेवटपर्यंत दीडच दाखवतात आणि एकदम बंद पडतात, वस्तूला आधी इशारा देता येत नाही. बीपी मशीनला आणि टॉर्चला मी ते म्हणूनच घालत नाही.

चार्जरवर कंजूषी केलीत तर सेलचे पैसे गेले. सगळ्यात स्वस्त चार्जर टायमरवर किंवा नुसतेच चालत राहतात, सेल भरला तरी थांबत नाहीत, सेल तापतो आणि आयुष्य कमी होतं. काही जोडीनेच चार्ज करतात, त्यात एक अर्धा आणि एक रिकामा घातला तर एक उतू जातो नि एक उपाशी राहतो. असा चार्जर घ्या ज्यात प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असेल आणि भरल्यावर आपोआप थांबत असेल. पाचशे मिलिअँपवर दोन हजारचा सेल साडेचार पाच तासांत भरतो, तो वेग चांगला. पंधरा मिनिटं, अर्धा तास असले दावे घरासाठी नकोत.

आणि एक जुना समज, की पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करायचं नाही. ते निकेल कॅडमियमच्या जुन्या रिचार्जेबल सेलच्या जमान्यातलं आहे. आताच्या सेलना उलट पार उतरवणंच मानवत नाही, गाडी हळू पडली की सेल काढून चार्जरला लावा. आणि साधे किंवा अल्कलाइन सेल चुकूनही चार्जरमध्ये घालू नका, ते गळतात, फुटूही शकतात.

पायरी ६: जोड्या लावा आणि मोडू नका

नवा जुना मिसळायचा नाही हे सगळे सांगतात, का ते कुणी सांगत नाही. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला अशक्त आधी संपतो, पण बाकीचे तिघे करंट ढकलतच राहतात आणि त्याला उलटा चार्ज करतात. साधा किंवा अल्कलाइन असेल तर तो तिथेच पाणी सोडतो, रिचार्जेबल असेल तर कायमचा अधू होतो. म्हणून मी परमनंट मार्करने सेलवर अक्षर घातलंय, चार सेलवर क, चारवर ख, शेजारी विकत घेतल्याचा महिना. क च्या टोळीतला सेल ख मध्ये जात नाही. ड्रॉवरमध्ये आता दोन डबे आहेत, एक भरलेले, एक रिकामे, आणि उतरलेला सेल तिसरीकडे कुठे ठेवायचा नाही हे लेकीलासुद्धा पाठ झालंय. सुटे सेल किल्ल्यांच्या किंवा नाण्यांच्या संगतीला पर्समध्ये टाकू नका, टोकं जुळली तर चांगलाच चटका बसेल इतके तापतात.

सेल भरलाय का ते बघायला टेबलावर उभा टाकून उडतो का बघतात, उडाला तर संपला म्हणतात. हे फक्त अल्कलाइनला लागू आहे आणि तेही अर्धवट, २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की निम्मा शिल्लक असतानाच तो पूर्ण उड्या मारायला लागतो. त्यापेक्षा दोनतीनशेचा मल्टिमीटर घ्या. अल्कलाइन दीडच्या वर म्हणजे नवा, १.३ च्या आसपास म्हणजे निम्मा झाला, घड्याळाला ठेवा, आणि १.१ च्या खाली गेला की टाकायच्या डब्यात.

पाणी सुटलं तर

वस्तू लगेच फेकू नका. हातमोजे घाला, सेल काढा, पांढरं पीठ जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडा, तोंड दूर ठेवून. अल्कलाइन असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्री पुसा, थोडं फसफसेल, मग जरा ओल्या कापडाने, मग कोरड्याने, आणि दिवसभर उघडं वाळू द्या. झिंक कार्बन असेल तर ते आम्लधर्मी असतं, तिथे व्हिनेगरऐवजी खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात हे दरवर्षी होतं, सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर असाच वाचला, पण लेकीचा पहिला पियानो नाही वाचला कारण मी तो वर्षभर सेलसकट माळ्यावर ठेवला होता.

बटन सेलबद्दल, हे नक्की वाचा

वजनकाट्यात, कारच्या किल्लीत असतो तो सीआर२०३२ तीन व्होल्टचा, तो न चार्ज होणाराच घ्या. त्याच मापाचा रिचार्जेबल एलआयआर२०३२ मिळतो पण तो भरल्यावर चार व्होल्टच्या वर जातो आणि वस्तू जाळू शकतो.

घरात लहान मूल असेल तर बटन सेल ही घरातली सगळ्यात धोकादायक छोटी वस्तू समजा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, वरून काहीच दिसत नसलं तरी. गिळल्याची नुसती शंका जरी आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट हॉस्पिटल गाठा आणि बटन सेल गिळलाय असं पहिल्याच वाक्यात सांगा, एक्स-रे लगेच काढायला लावा. ज्या खेळण्याचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते घरात ठेवू नका, आणि वापरलेला बटन सेल उतरलेला असला तरी धोक्याचाच आहे.

उतरलेले कुठे टाकायचे

ओल्या सुक्या कचऱ्यात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आणले, त्यात साध्या सेलपासून सगळ्या बॅटरी येतात, बनवणाऱ्या कंपन्यांवर त्या परत गोळा करायची जबाबदारी आहे आणि आपल्यावर घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देण्याची. वेष्टणावर चाकाच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चिन्ह असतं ते हेच सांगतं.

मी गॅलरीत एक प्लास्टिकची कोरडी बरणी ठेवलीय. चौकोनी नऊ व्होल्टचे, बटन सेल आणि लिथियमचे असतील तर टाकायच्या आधी टोकांवर चिकटपट्टी लावते, कारण बरणीत एकमेकांना टेकले तर ठिणगी पडू शकते. सहा महिन्यांनी बरणी भरते, मग इ-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन देते. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात फोन करून विचारलं तर तुमच्या भागात गाडी कधी आणि कुठे येते ते कळेल, आणि सोसायटीत चार घरांनी मिळून एकच बरणी केली तर फेऱ्याही वाचतात.